तीन मास्तर आणि पुसायचा राहिलेला प्रोग्रॅम: 'क्लास ऑफ १९९९' ब्लू-रेवर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुनं मशीन नव्या कामाला लावायचं ठरलं, की आधी पॅनल उघडतात. जुनी सेटिंग काय आहे, हालचाल हद्दीत थांबवणारे लिमिट स्विच चालू आहेत का, कुणी कुठली वायर मध्येच बायपास करून ठेवलीय का, हे बघितल्याशिवाय स्टार्टचं बटण कुणी दाबत नाही. रंग सगळ्यात शेवटी. 'क्लास ऑफ १९९९' मधली मेगाटेक कंपनी रंग आधी देते आणि पॅनल उघडतच नाही. लढाईसाठी बनवलेले यंत्रमानव घेतले, वरून कातडी चढवली, अंगात मास्तरांचे कपडे घातले आणि वर्गावर पाठवले. पुढं जे घडतं ते कुठल्याही फिटरला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मुख्याध्यापकाला मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

मार्क एल. लेस्टर यांचा हा १९९० चा चित्रपट. 'कमांडो' (१९८५) त्यांचाच. १९८२ मध्ये त्यांनी 'क्लास ऑफ १९८४' केला होता. त्यात गुंड पोरांपुढं टेकीला आलेला संगीतशिक्षक शेवटी स्वतःच हत्यार होतो. इथं ती भानगडच नाही, हत्यारालाच मास्तर केलंय. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, आधीचा पाहिला नसेल तरी काही अडत नाही. पटकथा सी. कोर्टनी जॉयनर यांची.

गोष्ट थोडक्यात अशी. शहरांचे काही भाग टोळ्यांनी बळकावलेत, तिथं पोलीस फिरकत नाहीत. सिएटलचं केनेडी हायस्कूल अशाच एका भागात आहे. शाळा चालू ठेवायला सरकारनं शिक्षण संरक्षणाचं वेगळं खातं काढलंय, आणि त्या खात्याच्या प्रयोगातून तीन नवे शिक्षक रुजू होतात: इतिहासाचे हार्डिन, रसायनशास्त्राच्या कॉनर्स आणि पीटीचे ब्राइल्स. त्याच सुमारास कोडी कल्प हा पोरगा तुरुंगातून सुटून शाळेत परत येतो. टोळीच्या नादाला पुन्हा लागायचं नाही एवढंच त्यानं ठरवलंय. घरात आई नशेत, दोन भाऊ ब्लॅकहार्ट्स टोळीच्या ओढीत, समोर रेझरहेड्स ही दुसरी टोळी. मास्तर शिस्त लावायला सुरुवात करतात. आधी फटके, मग हाडं मोडणं, मग प्रेतं.

नटसंच हा पैसे वसूल करणारा भाग. मुख्याध्यापक झालेत माल्कम मॅकडॉवेल. १९७१ च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' मध्ये सरकारी प्रयोगानं 'सुधारला' गेलेला गुंड पोरगा तो हाच. इथं तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून तसल्याच प्रयोगाला मान डोलावतो. लेस्टर यांनी ही निवड मुद्दाम केलेली वाटते, आणि त्यावर चित्रपटात एक शब्दही बोलत नाहीत हे जास्त चांगलं. मेगाटेकचे डॉक्टर बॉब फॉरेस्ट म्हणून स्टेसी कीच: पांढरे केस, पांढुरके डोळे, आणि मॉनिटरपुढं बसून स्वतःच्या मालाकडं कौतुकानं बघणारा चेहरा. माल विकलेला सेल्स इंजिनिअर साइटवर आला की असाच उभा असतो. फॉल्ट दिसला तरी 'हे फीचर आहे साहेब' म्हणायला तयार.

तिघा मास्तरांत जॉन पी. रायन यांचा हार्डिन सगळ्यात भारी. 'रनअवे ट्रेन' (१९८५) मध्ये ते तुरुंगाधिकारी होते, तोच खाक्या त्यांनी इथं मायेच्या आजोबांच्या चेहऱ्याआड लपवलाय. दंगेखोर पोरांना ते भर वर्गात मांडीवर पालथं घालून बडवतात, आणि त्या वेळी रागाची एक रेषही तोंडावर येत नाही. यंत्र चिडत नाही, ते फक्त पुढची पायरी घेतं. पॅम ग्रिअर यांच्या वाट्याला संवाद कमी, पण शेवटच्या भागात त्या पडदा खाऊन टाकतात. पॅट्रिक किलपॅट्रिक यांच्या ब्राइल्सला अभिनय फारसा नाहीच, उभं राहायचं आणि समोरच्याला उचलून आपटायचं. काम तेवढंच आहे आणि ते चोख झालंय.

आता यंत्रांकडं येऊ, कारण हा चित्रपट बघायचा तो त्यासाठीच.

यांत्रिक काम एरिक अलार्ड यांचं. 'शॉर्ट सर्किट' (१९८६) मधला तो बोलका रोबो त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. कातडीचं आणि जखमांचं काम रिक स्ट्रॅटन यांचं. शेवटच्या भागात मास्तरांची कातडी फाटते आणि आतली हत्यारं बाहेर येतात: ब्राइल्सच्या हातातून क्षेपणास्त्र, कॉनर्सच्या हातातून आगीचा झोत, हार्डिनच्या मनगटाला पंजासारखं यंत्र. १९९० चं काम आहे, म्हणजे संगणकावर काढलेलं काही नाही. जे दिसतं ते कुणीतरी कापून, वाकवून, वेल्ड करून उभं केलंय. नळी दिसली तर ती खरी नळी आहे.

असल्या कामात अडचणी ठरलेल्या असतात आणि त्या इथं शोधता येतात. नटाचा खरा हात पाठीमागं दुमडून बांधायचा आणि खांद्यापासून पुढं खोटा हात जोडायचा, ही जुनी पद्धत. त्यात खांदा जाड दिसतो आणि कोपर नको तितकं खाली येतं. म्हणून कॅमेरा बहुतेक वेळा छातीच्या वर किंवा थेट मनगटावर असतो. मधला भाग दाखवतच नाहीत. खोट्या कातडीच्या मऊ रबराची, म्हणजे फोम लेटेक्सची, कडा पातळ नसेल तर प्रखर दिव्यात ती चमकते, म्हणून फाटलेले चेहरे धूर, ठिणग्या आणि निळसर अंधारात ठेवलेत. यंत्राचं डोकं केबलनं किंवा सर्व्होनं, म्हणजे छोट्या नियंत्रित मोटरनं, हलवलं तर मानेला बॅकलॅश येतो: वळताना बरोबर, थांबताना मात्र एक बारीक झटका. हवेच्या सिलिंडरवर चालवलं तर तो झटका आणखी वाढतो, कारण हवा दाबली जाते. तेल दाबलं जात नाही, म्हणून हायड्रॉलिक हालचाल सलग येते. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणाऱ्या, फिक्श्चरवर काम करणाऱ्याला हे सांगायला नको. गंमत म्हणजे इथं हा दोष कामाला आलाय. कातडी शाबूत आहे तोवर नट सलग, मऊ हालतात. कातडी गेली की हालचाल अडखळत, तुटक होते. वरचं माणूसपण उतरलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे असलं काम कोल्हापूरला परकं नाही, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातलं भीमानं कीचकाला मारल्याचं दृश्य इतकं जिवंत उतरलं होतं, की पुढं ते कापायला लागलं. प्रेक्षकाला हादरवायला संगणक लागत नाही, चांगला मिस्त्री लागतो.

सगळ्यात गाजलेलं दृश्य मात्र हत्यारांचं नाही, कपाटाचं आहे. कोडी आणि मुख्याध्यापकांची मुलगी क्रिस्टी मास्तरांच्या घरात घुसतात आणि कपाटात बघतात तर डब्ल्यूडी-४० चे डबे. खाण्यापिण्याचं काही नाही, फक्त डबे. प्रेक्षागृहात हशा ठरलेला. पण विनोदाच्या मागं एक नेमकी गोष्ट आहे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन दिएगोत तयार झालं ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, चाळीस हा चाळिसावा प्रयत्न. म्हणजे लष्करी मालच स्वयंपाकघरात आलाय, मास्तरांसारखाच. पटकथेत हे जाणून घातलं की सहज आलं, काही असो, बसलंय फिट्ट.

तांत्रिक बाजूनं मात्र हे साफ चूक आहे. डब्ल्यूडी-४० मध्ये बराचसा भाग उडून जाणारा सॉल्व्हंट असतो आणि मागं पातळ थर राहतो. जाम झालेला नट सोडवायला, ओल काढायला, गंज रोखायला ते उत्तम. पण भार घेणाऱ्या बेअरिंगला किंवा गिअरला ते मारलं, तर आतलं ग्रीस धुऊन जातं आणि चार दिवसांत कुरकुर सुरू होते. सायकलची साखळी याच सवयीनं लवकर जाते. माणूस उचलून भिंतीवर फेकणाऱ्या हाताला हायड्रॉलिक तेल लागेल, आपल्याकडच्या प्रेसमध्ये घालतात तसलं आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ (हे तेलाच्या घट्टपणाचे आकडे), आणि सांध्यांना लिथियम ग्रीस. मेगाटेकचा मेंटेनन्स विभाग असा असेल तर जुना प्रोग्रॅम डोकं वर काढण्याआधी ब्राइल्सचा खांदाच जाम व्हायला हवा होता.

याहून मोठा दोष आहे तो सुरक्षेचा, आणि तो दिग्दर्शकाचा नाही, कथेतल्या कंपनीचा आहे. म्हणूनच तो बघायला मजा येते. कारखान्यात रोबोचा हात बसवला की भोवती जाळी येते, दाराला इंटरलॉक येतो, दार उघडलं की हात थांबतो, आणि तांबडं इमर्जन्सी बटण हाताच्या अंतरावर असतं. माणसांबरोबर एकाच जागेत चालवायचा असेल तर वेग आणि जोर दोन्हींवर मर्यादा घालतात. इथं तीन यंत्रं थेट शेकडो पोरांत सोडलीत. बटण नाही, जोराला मर्यादा नाही, आणि नजर ठेवणारा माणूस तोच ज्यानं माल विकला. यंत्राच्या नजरेतून दिसणाऱ्या दृश्यांत पडद्यावर अक्षरं उमटतात. त्यातून हिशोब कसा चालतो ते कळतं. समोरचा पोरगा विद्यार्थी आहे, हे हळूहळू गळून पडतं आणि तो शत्रू ठरतो. नवा कोड बिघडलेला नाही. खालचा जुना कोड शाबूत आहे आणि अडचण आली की यंत्र तिकडंच परत जातं. पुढं तर दोन टोळ्या एकमेकींवर घालून द्यायचं कामही मास्तरच करतात. ती लढाईतली चाल आहे, वर्गातली नव्हे. त्या काळच्या इतर खुनी रोबोंच्या चित्रपटांत यंत्र एक तर वेडं होतं नाही तर भविष्यातून मारायलाच आलेलं असतं. इथं ते वेडं नाही. त्याला जे काम येतं ते करतंय, फक्त जागा चुकलीय. कल्पना म्हणून हा चित्रपट आजही त्यामुळंच टिकलाय.

शिक्षेच्या बाजूनं बघितलं तर आपल्याकडच्या प्रेक्षकाची थोडी पंचाईत होते. हार्डिन पहिल्यांदा बडवतात तेव्हा हसू येतं, टाळीही पडते, कारण 'आमच्या मास्तरांनी असंच सरळ केलं' म्हणणारी पिढी अजून घराघरांत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, तरी ते वाक्य काही बंद झालेलं नाही. लेस्टर ती टाळी आधी घेतात आणि मग तोच हात हळूहळू मोठा करत नेतात. कुठल्या फटक्याला आपण हसायचं थांबलो हे ज्याचं त्यानं बघावं. याच कोल्हापुरात १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत आलं नाही तर दंड पालकाला होता, महिना एक रुपया. चित्रपटातल्या खात्याला पालक नावाची चीजच दिसत नाही; कोडीची आई घरात नशेत पडलीय आणि सगळा बंदोबस्त पोरांचा.

कच्च्या बाजू आहेत आणि त्या झाकण्यासारख्या नाहीत. टोळ्या खऱ्या वाटत नाहीत. रंगवलेले केस, फाटकी जाकिटं, उगाच आरडाओरडा. गाडीवर बसून नुसतं गोल फिरायचं. कोडी झालेला ब्रॅडली ग्रेग बरा आहे, पण कोडी आणि क्रिस्टीचं प्रेमप्रकरण म्हणजे जेवताना फोन बघून घ्यायची जागा. मधली वीस-पंचवीस मिनिटं चित्रपट एकाच जागी घुटमळतो: एक पोरगा मरतो, कोडीला संशय येतो, कुणी ऐकत नाही, मग पुढचा पोरगा. शाळेत शिकवणं असं काही चाललेलंच दिसत नाही, हे तर फार खटकतं. हार्डिन इतिहास शिकवतात म्हणे. एक धडा तरी नीट दाखवला असता तर त्यांचा खोटेपणा आणखी टोचला असता. मात्र दोन्ही टोळ्या एक होऊन रात्री शाळेवर चालून जातात तिथून शेवटपर्यंत हात सैल सुटत नाही.

हा चित्रपट गाजला तो थिएटरात नव्हे, व्हिडिओवर. मुळात तो व्हेस्ट्रॉन कंपनीचा. 'डर्टी डान्सिंग' (१९८७) नं पैसा केलेली ही कंपनी नेमकी याच सुमारास डबघाईला आली, आणि चित्रपट टॉरस नावाच्या वितरकाकडून पडद्यावर आला. पुढं व्हेस्ट्रॉनचा साठा फिरत फिरत लायन्सगेटकडं गेला. त्यांनी जुनं नाव मुद्दाम ठेवून 'व्हेस्ट्रॉन व्हिडिओ कलेक्टर्स सीरिज' काढली, आणि २०१८ मध्ये त्यात ही ब्लू-रे आली. घ्यायची असेल तर हीच घ्या. जुन्या व्हिडिओ टेपवरून उतरवलेल्या प्रती अंधाऱ्या दृश्यांत नुसत्या काळ्या होतात, आणि निम्मा शेवट अंधारात आहे.

डिस्कवरच्या जादा गोष्टींत लेस्टर यांची संपूर्ण लांबीची कॉमेंट्री आहे, शिवाय निर्मिती, पटकथा, छायाचित्रण आणि यंत्रकाम यांवर वेगवेगळ्या मुलाखती. वेळ कमी असेल तर अलार्ड आणि स्ट्रॅटन यांची मुलाखत आधी बघा. पॉलिटेक्निकच्या पोरांना दाखवण्यासारखी आहे. छायाचित्रकार मार्क आयर्विन यांचीही चांगली. दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा 'द फ्लाय' (१९८६) त्यांनीच टिपला होता, त्यामुळं रबर आणि चिकट पदार्थांवर प्रकाश कसा टाकायचा हे त्यांना पक्कं ठाऊक.

मागवण्यापूर्वी एक गोष्ट तपासा, नाहीतर पैसे बुडाले. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेत. ही अमेरिकी डिस्क ए विभागाची आहे आणि भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो. इथं घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये ती टाकली तर विभाग जुळत नसल्याचा संदेश येईल आणि काम तिथंच थांबेल. डीव्हीडीसाठी प्लेअर 'मल्टी-रिजन' आहे म्हणजे तो ब्लू-रेसाठीही आहे असं नाही. दोन्हींची कुलपं वेगळी असतात. दुकानदाराला 'ए, बी, सी तिन्ही चालतात का' असं नेमकं विचारा आणि शक्य तर ए विभागाची डिस्क लावून दाखवायला सांगा. डिस्कच्या किमतीवर टपाल आणि सीमाशुल्क वेगळं पडतं, तेही हिशोबात धरा.

टीव्हीवर बघताना मोशन स्मूदिंग बंद करा. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, मेनूत चित्राच्या सेटिंगमध्ये असतं. हा चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा आहे. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनानं भरायला लागला की रबर रबरासारखं दिसतं आणि अलार्ड यांची सगळी मेहनत मातीत. प्लेअरमध्ये २४ हर्ट्झचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. शार्पनेस खाली आणा. फिल्मचे दाणे दिसतात ते दोष नाहीत, ते पुसायला गेलात तर चेहरे मेणाचे होतात. प्रोजेक्टरवर लावणार असाल तर खोलीत पक्का अंधार हवा. पांढऱ्या भिंतीवर ट्यूबलाइटच्या उजेडात शेवटचा अर्धा तास नुसता आवाजावर ऐकावा लागेल.

घरात चार मित्र जमवून बघणं वेगळं आणि हॉल घेऊन पोस्टर लावणं वेगळं. विकत घेतलेली डिस्क घरगुती वापरासाठी असते; जाहीर खेळाला प्रदर्शनाचे हक्क आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, हे कॉलेजच्या फिल्म क्लबांनी आधीच ध्यानात घ्यावं. अमेरिकेत याला 'आर' दर्जा आहे आणि तो योग्य आहे. नशा, रक्त, मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न, सगळं आहे. नावात 'क्लास' आहे म्हणून शाळेच्या पोरांना बसवू नका.

आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. यंत्रकामाचे सगळे, हार्डिनचा एक जादा, टोळ्यांचे कापले. १९९४ मध्ये आलेला दुसरा भाग, 'क्लास ऑफ १९९९ टू: द सबस्टिट्यूट', सोडून द्या. लेस्टर त्याचे दिग्दर्शक नाहीत, पहिल्या भागातली जुनी दृश्यं त्यात पुन्हा वापरलीत आणि यंत्रकाम जवळजवळ नाहीच. त्या पैशात पहिल्या भागासाठी चांगला प्लेअर शोधा.